विश्रांतीचे अकरा किलोमीटर

विश्रांतीच्या दिवशी आम्ही ११ किलोमीटर चाललो. हा आकडा मेव्हण्याच्या मोबाइलने दिलेला आहे. मेव्हणा स्वतः कुठलाही आकडा सांगताना त्यावर थोडं तूप सोडतो, पण मोबाइलला ती सवय नाही. आदल्या दिवशी पाठीवर सॅक घेऊन आम्ही रीतसर डोंगर तुडवला होता, तेव्हा त्याच मोबाइलने ९ दाखवले होते.

बेत असा होता की कळसूबाईपासून भीमाशंकरापर्यंत सह्याद्रीच्या माथ्यावरून बारा दिवस चालायचं आणि मधे जुन्नरला एक दिवस संपूर्ण आराम करायचा. बेत लीडरचा. त्यांची मुलगी अमेरिकेत असते आणि तिने वडिलांना वाढदिवसाला अ‍ॅपलाचियन ट्रेलवरचं एक जाडजूड पुस्तक पाठवलं, तिथून आमच्या हालांना सुरुवात झाली. ही वाट जॉर्जियात सुरू होते, मेनमध्ये संपते आणि साधारण ३,५०० किलोमीटर भरते. चालायला पाच-सहा महिने लागतात. मधूनमधून ही वाट चालणारी माणसं एखाद्या गावात उतरतात, अंघोळ करतात, कपडे धुतात, पोटाला तडस लागेपर्यंत खातात आणि त्या दिवशी वाटेवर पाऊल ठेवत नाहीत. शून्य मैल चालले, म्हणून त्या दिवसाला ‘झीरो डे’ म्हणतात. आमच्या बँकेत असे दिवस पुष्कळ असत. त्यांना काही नाव असतं हे मला निवृत्तीनंतर कळलं.

तिकडची आणखी एक रीत म्हणजे वाटेवर खरं नाव वापरायचं नाही, टोपणनाव घ्यायचं. लीडरनी स्वतःला ‘लीडर’ हे नाव घेतलं, कारण दुसऱ्या कोणी ते घ्यायच्या आत घेणं भाग होतं. मी खजिनदार. डॉक्टर हे डॉक्टरच, फक्त गुराढोरांचे. राहिला मेव्हणा. तो खरं तर एकट्या माझा मेव्हणा, पण चौथ्या दिवसापासून सगळेच त्याला मेव्हणा म्हणू लागले. आणि तो सगळ्यांना ओ देऊ लागला.

लीडरचं दैवत म्हणजे एमा गेटवुड नावाच्या आजीबाई. १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, कॅनव्हासचे साधे बूट घालून आणि घरी शिवलेली कापडी पिशवी खांद्यावर टाकून या बाई ती अख्खी वाट एकट्या चालल्या. अकरा मुलांची आई. घरी सांगितलं काय, तर जरा फिरून येते. माझ्या घरी ‘जरा फिरून येतो’ म्हटलं की येताना कोथिंबीर आणायला सांगतात. बारा दिवसांसाठी मला तीन महिने आधी अर्ज करावा लागला, आणि तो धाकट्या भावाला सोबत न्यायच्या अटीवर मंजूर झाला. मेव्हण्याची निवड अशी झालेली आहे.

सॅकचं वजन दहा किलोच्या वर जाता कामा नये, असा हुकूम होता. लीडरनी टूथब्रशची दांडी अर्धी कापली होती. डॉक्टरांनी औषधांची पेटी आणली होती. ती उघडल्यावर कळलं की त्यातल्या निम्म्या गोळ्या चारशे किलो वजनाच्या रुग्णासाठी आहेत. मेव्हण्याने सॅकच्या तळाशी स्लीपिंग बॅगेत गुंडाळून तीन किलो चिवडा आणला होता, हे दुसऱ्या दिवसापर्यंत कोणाला माहीत नव्हतं.

पहिला दिवस कळसूबाईचा. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रात याहून उंच काही नाही. म्हणजे सगळ्यात वरचा भाग पहिल्याच दिवशी झाला, आता भीमाशंकरापर्यंत उतारच, हे मेव्हण्याचं गणित. सह्याद्रीला हे गणित कोणी कळवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भंडारदऱ्याच्या जलाशयाने पहिलं भांडण लावलं. पलीकडे रतनवाडी. काठाने चालत गेलं तर दिवस मोडतो, होडीने गेलं तर तासा-दीड तासात काम होतं. लीडर म्हणाले, चालण्याच्या मोहिमेत होडी म्हणजे उपासाला वडापाव. डॉक्टर म्हणाले, “उपासाला साबुदाणा चालतोच की. तो तरी कुठे आपला आहे?” या मुद्द्याला उत्तर सुचेपर्यंत आम्ही होडीत बसलो होतो. रतनवाडीच्या अमृतेश्वराला नमस्कार करून दुपारी रतनगडावर पोचलो. तिथल्या गुहेशी माकडांनी सॅक हुंगल्या आणि नेमकी मेव्हण्याची निवडली. चिवडा असा उघडकीला आला. लीडर मेव्हण्याला रागवायला तोंड उघडत होते, पण त्यांचं पहिलं वाक्य असं बाहेर पडलं की आधी का नाही सांगितलंस, संध्याकाळी खाल्ला असता.

गडाच्या माथ्यावर नेढं आहे. कड्यालाच आरपार भोक. त्यात बसलं की वारा माणसाला वाळत घालतो. तिथे मोबाइलला रेंज आली म्हणून मी घरी फोन केला आणि खुशालीबरोबर सहज म्हणालो, समोर घाटघर दिसतंय. हे वाक्य पुढे महागात पडणार होतं.

कात्राबाईच्या खिंडीकडे जाताना आम्ही रस्ता चुकलो. वाटाड्या नको, असं लीडरनी ठरवलं होतं, कारण अमेरिकेत वाटाड्या घेत नाहीत. पण अमेरिकेत झाडाझाडावर पांढरा पट्टा मारलेला असतो, आणि आमच्याकडे ढोरवाटा असतात. ढोरवाट दिसायला पाऊलवाटेहून झकास असते, रुंद, मळलेली, आत्मविश्वासाने निघालेली. दोन तास चालल्यावर ती एका डबक्यापाशी संपली. डॉक्टर म्हणाले, “बरोबर आहे. गुरं पाण्याला जातात, कुमशेतला कशाला जातील?” हे त्यांना आधीपासून माहीत होतं का, असं लीडरनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, “मला कोणी विचारलं नाही.”

शेवटी एक गुराखी मामा भेटले. त्यांना कुमशेत किती लांब म्हणून विचारलं, तर म्हणाले, “हे काय, हितंच.” डोंगरातलं ‘हितंच’ हे एक स्वतंत्र माप आहे आणि ते सांगणाऱ्याच्या पायावर अवलंबून असतं. मामांचं हितं आम्हाला सव्वातीन तास पुरलं.

आता पिठल्याविषयी. पहिल्या रात्री बारीला मावशींनी चुलीवरचं पिठलं, नागलीची भाकरी आणि ठेचा वाढला. आम्ही डोळे मिटून जेवलो. असं जेवण शहरात मिळत नाही, यावर अर्धा तास बोललो. दुसऱ्या दिवशी रतनवाडीला पिठलं. तिसऱ्या दिवशी कुमशेतला पिठलं, जरा पातळ. चौथ्या दिवशी पाचनईला सकाळी, हरिश्चंद्रगडावर रात्री. पाचव्या दिवशी हुलग्याचं, त्यामुळे बदल झाला असं लीडर म्हणाले. मी खजिनदार असल्यामुळे हिशेब ठेवला होता: सात दिवसांत नऊ वेळा. वाढणाऱ्या माउलीला दोष देण्याचं कारणच नाही, कारण प्रत्येक जणी पहिल्यांदाच वाढत होती. कुठेही आम्हाला कोणी उपाशी जाऊ दिलं नाही आणि पैसे घेताना प्रत्येक ठिकाणी संकोच केला. फक्त डॉक्टरांची वेगळी सोय होती. ते कुठल्याही घरात शिरले की आधी गोठ्यात जात, म्हशीच्या पाठीवर हात फिरवत, तिच्या खुरांची, दुधाची चौकशी करत, आणि बाहेर येताना त्यांच्या हातात दह्याची वाटी असे. आम्ही माणसांचे आजार ओळखणारे कोणी नव्हतो, त्यामुळे पिठल्यावरच राहिलो.

परिणाम असा की तिसऱ्या रात्रीपासून आमच्या गप्पांना एकच विषय उरला. लोकांना वाटतं, डोंगरात रात्री माणसं ताऱ्यांखाली बसून जीवनाबद्दल बोलतात. आम्ही साबुदाणावड्याबद्दल बोलायचो. मिसळीवर फरसाण जाड हवं की बारीक, यावर कुमशेतच्या देवळाच्या ओट्यावर रात्री अकरापर्यंत चर्चा झाली. मेव्हणा डोळे मिटून लग्नातल्या पंगती सांगायचा, वाढण्याच्या क्रमाने, डाव्या बाजूपासून. बासुंदी आली की लीडर म्हणायचे, पुरे आता, झोपू दे. अ‍ॅपलाचियनवाल्यांचंही असंच होतं म्हणे. त्यांच्याकडे अर्ध्या वाटेवर पेनसिल्व्हेनियात एका दुकानाशी अर्धा गॅलन, म्हणजे जवळपास दोन लिटर, आइस्क्रीम एका बैठकीत संपवायची प्रथा आहे. हे ऐकल्यापासून मेव्हण्याला तो पुस्तकातला भाग रोज वाचून हवा होता.

याला अपवाद एकच. हरिश्चंद्रगडावर संध्याकाळी कोकणकड्याच्या काठाशी आम्ही चौघं पोटावर पालथे पडलो आणि खाली पाहिलं. तो कडा सरळ जात नाही, आत वळतो, त्यामुळे आपण पृथ्वीच्या ओठावर पडलोय असं वाटतं. सूर्य खाली कोकणात गेला. अर्धा तास कोणीही जेवणाचं नाव काढलं नाही. कड्याच्या मोठेपणाविषयी याहून जास्त मला लिहिता येणार नाही. सकाळी केदारेश्वराच्या गुहेत मेव्हणा कमरेभर पाण्यात उतरला, त्याच्या तोंडून एक लांब, शुद्ध, वरचा सूर निघाला आणि तो लागलेला असतानाच तो बाहेर आला. बाकीच्यांनी हात जोडून बाहेरूनच दर्शन घेतलं.

फोड याच दिवशी उठले. माझ्या डाव्या टाचेवर एक, लीडरच्या दोन्ही पायांवर मिळून पाच. डॉक्टरांनी सुईदोरा काढला आणि विचारपूर्वक पाहिलं. “घोड्याला नाल मारतात तेव्हा हा प्रश्न येत नाही,” एवढंच ते म्हणाले. तोलारखिंड उतरताना आमचा वेग असा होता की डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक सत्तरीची आजी मागून आली, चपला हातात धरून आम्हाला ओलांडून गेली, आणि खिंडीतल्या वाघाच्या शिल्पाशी थांबून आमची वाट बघत बसली. आम्ही पोचलो तशी म्हणाली, “बसा बाबांनो, दम खा.” मग उठली आणि गेली. लीडर बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत होते. नंतर त्यांनी एमा गेटवुड यांचं नाव काढल्याचं मला आठवत नाही.

सातव्या दिवशी नाणेघाट. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांवरून वर येणारा माल या घाटातून जुन्नरला जायचा. वर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असं सांगतात. गुहेच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. कोणकोणते यज्ञ केले आणि दक्षिणा काय दिली, त्याची ती यादी. हजारो गाई, घोडे, हत्ती, कार्षापण, आणि सगळं आकड्यांत. मी तिथे उभा राहिलो आणि मला भरून आलं. लोक म्हणतात इतिहास. मला दिसला तो दगडात कोरलेला खर्चाचा हिशेब, आणि तोही बाईने ठेवलेला. माझ्याकडे चौघांच्या सात दिवसांच्या खर्चाची वही होती, तीत मेव्हण्याने दोन ठिकाणी ‘किरकोळ’ असं लिहिलं होतं. नागनिकेने हे चालवून घेतलं नसतं. डॉक्टर मात्र गाईंचा आकडा ऐकल्यापासून अस्वस्थ होते. एवढ्या गाईंना लाळ-खुरकत झाली असती तर, असं पुटपुटत ते बाहेर गेले.

त्याच गुहेत समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. वर नावं अजून वाचता येतात, मूर्ती गेल्या. काहींचे फक्त पाय उरले आहेत. लीडर स्वतःच्या पायांकडे बघत म्हणाले, “आपलं उलटं होणार.”

घाटातून घाटघरला आलो. इथे रेंज होती. मी आनंदाने घरी फोन लावला आणि सांगितलं, घाटघरला पोचलो.

पलीकडे शांतता. मग प्रश्न आला, “अहो, दुसऱ्या दिवशी घाटघर समोर दिसत होतं ना?”

“हो.”

“आणि आज पोचलात?”

मी सांगायचा प्रयत्न केला की अकोले तालुक्यात एक घाटघर आहे, धरणाचं, आणि जुन्नर तालुक्यात दुसरं, जीवधनाच्या पायथ्याचं. दोन्ही घाटाच्या तोंडाशी, दोन्ही घाटघर. मुळात नाव ठेवणाऱ्यांचा दोष. पण लग्नाला सव्वीस वर्षं झाली की भूगोलाचा पुरावा चालत नाही. “भावाला फोन द्या,” असं सांगण्यात आलं. मेव्हण्याने फोन घेतला आणि बहिणीला दिलासा दिला की ताई, काळजी करू नकोस, मी आहे.

घाटघरहून जुन्नरला एसटी मिळाली. सात दिवसांचा घाम, चुलीचा धूर आणि मोजे आमच्या अंगावर होते. आम्हाला एकमेकांचा वास येत नव्हता, कारण चौघांचा एकच होता. गाडीला गर्दी होती, तरी आमच्याभोवतीची बाकं रिकामीच राहिली. पुढे एक आजोबा मांडीवर कोंबडा घेऊन बसले होते. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं आणि कोंबड्याचं तोंड खिडकीकडे केलं.

जुन्नरमध्ये लॉजच्या मॅनेजरने चार आधार कार्डं मागितली आणि फोटो आमच्याशी जुळवून बघितले. जुळत नव्हते. “कुठून आलात?” “कळसूबाईहून.” “गाडी कुठे लावली?” “गाडी नाही, चालत आलो.” त्याने सहानुभूतीने मान हलवली आणि रजिस्टरात ‘वाहन क्रमांक’ या रकान्यात लिहिलं: बंद पडली.

गरम पाणी सकाळी सहा ते आठ. आत्ता संध्याकाळचे साडेपाच. आम्ही थंड पाण्याने क्रमाने अंघोळ्या केल्या. मोरीत उतरलेल्या पाण्याचा रंग बघून डॉक्टर म्हणाले, यात भाताचं रोप येईल. मग कळलं की दोन खोल्यांत मिळून चालू असलेला प्लग एकच आहे. मोबाइल चार, पॉवर बँका तीन, हेडटॉर्च दोन. लीडरनी रात्रीचं वेळापत्रक केलं: दर दोन तासांनी एकाने उठून पिन बदलायची. गुहेत आम्ही आठ-आठ तास झोपलो होतो. लॉजमध्ये पहाऱ्याच्या पाळ्या लागल्या.

जेवायला खानावळीत गेलो. सात दिवस ज्या क्षणासाठी चाललो तो हा. वेटरने टेबल पुसता पुसता विचारलं, “साहेब, पिठलं-भाकरी आणू? आमची स्पेशालिटी आहे. मुंबई-पुण्याची माणसं खास त्यासाठी येतात.”

मेव्हण्याने त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरकला. मग मासवडी मागवली. जुन्नर-ओतूरकडची मासवडी म्हणजे नावात मासा, आकारात मासा आणि आत फक्त खोबरं, तीळ, लसूण. बाहेरून बेसनाचा लपेटा, बरोबर झणझणीत रस्सा. पहिल्या ताटाला कोणी बोललं नाही. दुसऱ्या ताटाच्या मध्यावर डॉक्टर थांबले आणि वडीचा बाहेरचा पापुद्रा बोटाने सोलून पाहू लागले. “हे बेसन शिजवून थापलंय,” ते म्हणाले. “म्हणजे शास्त्रीय दृष्ट्या बघितलं तर हेही पिठलंच.” त्यांना गप्प करण्यात आलं.

दुसरा दिवस आरामाचा. आराम सकाळी सहाला सुरू झाला, कारण गरम पाणी आठला जाणार होतं आणि मोजे धुवायचे होते. सात दिवसांचे मोजे भिजवून ठेवले की ते आपण होऊन उभे राहतात. ते वाळत घालायला जागा नव्हती, म्हणून मेव्हण्याने पंख्याच्या पात्यांना बांधले आणि पंखा एकवर लावला. कल्पना चांगली होती. खालून जाणाऱ्या लीडरच्या तोंडावर दोन मोजे बसले तोपर्यंत.

नंतर बाजार. यादी पुढच्या पाच दिवसांच्या शिध्याची, पण वाटेत एकेकाची वैयक्तिक कामं निघत गेली. लीडरना दाढी करायची होती. न्हाव्याने साबण लावता लावता विचारलं, कुठून. लीडर म्हणाले, कळसूबाईहून चालत. “नवस होता का?” “नाही.” “मग?” लीडरकडे या प्रश्नाचं वीस मिनिटांचं उत्तर तयार असतं, त्यात निसर्ग येतो, स्वतःचा शोध येतो, अमेरिका येते. पण वस्तरा गळ्याशी होता. न्हाव्याने आपलंच उत्तर ठरवलं आणि दाढी झाल्यावर हळूच सांगितलं, “होतं सगळं नीट, काका. पोराचं लग्न जमेल.”

माझ्या बुटाचा तळवा नाणेघाटात सुटला होता आणि मी तो नाडीने बांधून आणला होता. बूट नामांकित कंपनीचा, साडेआठ हजारांचा, डब्यावर हिमालयाचं चित्र. एसटी स्टँडजवळ एक चांभारकाका बसले होते. त्यांनी बूट हातात घेतला, उलटा केला, वाकवला. “केवढ्याला घेतला?” मी सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. “शिवायला पाहिजे होता त्यांनी,” ते म्हणाले. “नुसता डकवलाय.” ऐंशी रुपये घेऊन त्यांनी दोन्ही बुटांना गोल टाका मारला. ते बूट मी आजही घालतो आणि त्यातला चांभारकाकांचा भाग अजून पाण्याला दाद देत नाही.

इथपर्यंत चार किलोमीटर झाले होते. आता लॉजवर जाऊन पाय वर करून पडायचं, असं ठरलं. पण जुन्नरमध्ये एक अडचण आहे. कुठेही मान वर केली की शिवनेरी दिसतो.

चहाच्या टपरीवर लीडरनी मान वर केली. बोलले काहीच नाहीत. मग डॉक्टरांनी वर पाहिलं. मी ग्लासात बघत राहिलो, पण ग्लास लहान होता. प्रत्येक जण मनातून म्हणत होता की कोणीतरी नको म्हणा. पण १६३० साली महाराज जिथे जन्मले त्या गडाच्या पायथ्याशी येऊन, लॉजमध्ये फोडांना मलम लावत झोपलो, हे घरी जाऊन कसं सांगायचं? कायद्याने काही अडचण नाही. पण मराठी माणसाला ते जमत नाही. शेवटी मेव्हणा म्हणाला, “जाऊन येऊ की पटकन.” त्याच्याकडे तिघांनी कृतज्ञतेने आणि द्वेषाने पाहिलं.

मोजे ओले होते, म्हणून रबरी चपलांनी निघालो. शिवनेरीला एकामागून एक सात दरवाजे आहेत. शत्रूने प्रत्येक दरवाजापाशी थकावं, ही योजना आमच्या बाबतीत तंतोतंत यशस्वी झाली. डिसेंबर असल्यामुळे शाळांच्या सहली आल्या होत्या. मुलं घोषणा देत पायऱ्यांवरून पळत होती, खाली येत होती, पुन्हा वर पळत होती. चौथ्या दरवाजात मी भिंतीला धरून उभा असताना एक गुरुजी आपल्या वर्गाला म्हणाले, “बघा रे, हे आजोबासुद्धा चढतायत, आणि तुम्ही कुरकुर करता.” माझं वय चोपन्न आहे. मी कळसूबाईहून चालत आलोय, असं सांगायला तोंड उघडलं, पण दम नव्हता. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

शिवाई देवीच्या देवळात चपला काढल्या आणि पाय थंड दगडावर टेकले. तिथे आम्ही भाविकांच्या रांगेत जरा जास्तच वेळ थांबलो. जन्मस्थानाशी चौघंही गप्प उभे राहिलो. मेव्हणासुद्धा. उतरताना तो म्हणाला की हा गड आपण केला नसता तर वाईट दिसलं असतं, आणि मग घरी जाऊन तो असंच सांगेल हे लक्षात येऊन मी त्याला माफ केलं.

संध्याकाळी हिशेब केला. डोंगरातले सात दिवस, चौघांचा खर्च ६,१४० रुपये. विश्रांतीची एक रात्र आणि एक दिवस, ७,३८५. त्यात मेव्हण्याने तीनदा ‘किरकोळ’ लिहिलं होतं. रात्री समोर लग्नाची वरात होती. बँड थांबला तेव्हा पिन बदलायची माझी पाळी आली होती.

सकाळी आंबोलीची एसटी धरली. घरी कळवलं, जुन्नर सोडलं, दुपारपर्यंत आंबोलीला. फोन पुन्हा गप्प झाला. “आंबोली म्हणजे सावंतवाडीची?” मी घाईने सांगितलं की नाही, जुन्नर तालुक्यातही एक आंबोली आहे, ढाकोबाच्या पायथ्याची. माझ्याच कानाला ते खरं वाटलं नाही. मेव्हण्याने आपण होऊन हात पुढे केला आणि मी फोन त्याला दिला.

दुपारभर ढाकोबाच्या अंगावर फिरून आम्ही मुक्कामाला परत गावात आलो. पाय दुखत होते, पण ओळखीचे दुखत होते. मावशींचं अंगण शेणाने सारवलेलं, हवेत गारठा, आतून लसणाच्या फोडणीचा वास. मेव्हण्याने नाक वर केलं आणि हळूच म्हणाला, “पिठलं.” त्याच्या आवाजात नऊ वेळांचा कंटाळा कुठेच नव्हता. लीडरनीही सॅकवर टेकून डोळे मिटले.

मावशींनी चार ताटं आणून ठेवली. त्यांत मॅगी होती.

“शहरातली माणसं, तुम्हाला आमचं कुठं रुचतंय,” त्या म्हणाल्या. “म्हणून पोरीला मुद्दाम दुकानात धाडलं. पिठलं काय, ते आम्ही खातो.”

त्यांच्या तोंडावरचं कौतुक बघून कोणाची नाही म्हणायची हिंमत झाली नाही. आम्ही खाली मान घालून शेवया ओढू लागलो. डॉक्टरांनी दोन घास घेतले, चमचा खाली ठेवला आणि गोठ्यातली म्हैस मघापासून जरा वेगळी ओरडतेय असं म्हणत स्वयंपाकघराच्या दाराने आत गेले. बराच वेळ आले नाहीत.